कोंबुचा बाटलीत भरल्यावर: गॅस धरावा, पण बाटली फुटू नये

कोंबुचाबद्दल, म्हणजे आंबवलेल्या, फसफसणाऱ्या गोड चहाबद्दल, डिसेंबरात हमखास येणारी तक्रार अशी असते: "पाच दिवस झाले, गॅसचा पत्ता नाही." एप्रिल उजाडला की तीच मंडळी सांगतात, "रात्री ओट्यावर बाटली फुटली, सकाळपर्यंत काचा वेचत होतो." कृती दोन्ही वेळेला एकच असते, कुठूनतरी उतरवून घेतलेली, आणि तिच्यात लिहिलेलं असतं "चार दिवस बाहेर ठेवा." हे चार दिवस कुणाच्या स्वयंपाकघरातले, ते कोणी विचारत नाही. नाशिकला जानेवारीतल्या पहाटेचे चार दिवस आणि मेमधल्या दुपारचे चार दिवस यांत काहीही साम्य नाही.

म्हणून या लेखात दिवस मोजायचे नाहीत. बाटली दाबून बघायची आणि तिने सांगितलं की फ्रिजमध्ये टाकायची. बाकीची सगळी तयारी त्या एका गोष्टीसाठी आहे. त्याआधीचं काम, म्हणजे चहा, साखर आणि स्कोबी (यीस्ट आणि जीवाणूंची चिकट चकती) घालून बरणीत आंबवणं, तुम्हाला येतं असं धरून चाललो आहे.

### आधी एवढं गणित डोक्यात ठेवा

यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड व अल्कोहोल तयार करतं. एक लिटर पेयात ४ ग्रॅम साखर पूर्ण आंबली की साधारण १ लिटर गॅस तयार होतो. बाजारातल्या कोल्ड्रिंकमध्ये लिटरमागे साडेतीन-चार लिटर गॅस असतो. कोंबुच्याला अडीच ते तीन पुष्कळ झाला. म्हणजे १०-१२ ग्रॅम साखरेचं काम.

खरी गोम पुढे आहे. बरणीत लिटरमागे ६०-७० ग्रॅम साखर घातलेली असते आणि आठ-दहा दिवसांनी तिच्यातली बरीच तशीच शिल्लक असते. समजा ३० ग्रॅम उरली आणि बंद बाटलीत ती सगळी आंबली, तर लिटरमागे सात-साडेसात लिटर गॅस. कुठलीही साधी काचेची बाटली हे सोसणार नाही.

बिअर गाळणाऱ्यांचे लेख वाचून इथे गोंधळ होतो. ते लोक आधी साखर पूर्ण संपू देतात, हायड्रोमीटरचा (द्रवात साखर किती उरली त्याचा अंदाज देणाऱ्या काचेच्या नळीचा) आकडा दोन-तीन दिवस हलत नाही याची खात्री करतात आणि मगच लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम साखर मोजून घालून बाटलीला टोपण लावतात. ती साखर संपली की गॅस आपोआप थांबतो. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर गाळता येत नाही, तेव्हा तो विषय इथेच सोडू.) कोंबुच्यात असा आपोआप थांबा नाही. थांबवायचं काम फ्रिज करतो, आणि फ्रिजमध्ये कधी ठेवायचं ते तुम्ही ठरवता.

### टप्पा १: बाटल्या, आदल्या दिवशीच

भरायच्या दिवशी बाटल्या शोधत बसलात की हाताला येईल त्यात भराल. निम्मे अपघात इथेच ठरतात.

चालतील अशा: सोड्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, मूळ झाकणासकट. तारेच्या खटक्याचं झाकण असलेल्या गोल, जाड काचेच्या बाटल्या, पण फसफसणाऱ्या पेयासाठी आहेत असं लिहून विकलेल्याच.

चालणार नाहीत अशा:

- मॉलमध्ये सजावटीसाठी मिळणाऱ्या चौकोनी, रंगीत काचेच्या बाटल्या. खटका तसाच दिसतो, पण काच पातळ असते आणि दाब कोपऱ्यांवर येतो.
- पाण्याच्या पातळ प्लॅस्टिक बाटल्या.
- सॉस, मध, लोणच्याच्या बरण्या.
- वाइनच्या रिकाम्या बाटल्या.

शेवटच्या ओळीवर नाशिककर जरा हिरमुसतात. इथे घरोघरी त्या पडून असतात, दिसतातही देखण्या. पण साध्या वाइनची बाटली आतून दाब सोसायला घडवलेलीच नसते. बूच घट्ट बसलं तर काच जाते, सैल बसलं तर गॅस जातो. स्पार्कलिंग वाइनची जड, बुडाला खोल खळगा असलेली बाटली दाब सोसते, पण तिच्या तोंडावर नीट बसणारं टोपण आणि ते दाबून लावायचं यंत्र घरी नसतं. सुरुवात करणाऱ्यांनी तिचा नाद सोडावा.

काचेची प्रत्येक बाटली उजेडात धरून फिरवून बघा. तोंडाला टवका, बुडाला केसाएवढी चीर, पोटावर खोल ओरखडा, यांपैकी काही दिसलं तर ती बाटली पाणी भरायला ठेवा. खटक्याच्या बाटलीचं रबरी वायसर काढून बोटांत वाकवा. भेगा दिसल्या, किंवा दाबल्यावर ते पूर्ववत होत नसेल, तर नवं घाला.

तपासणी: झाकण गॅस धरतं की नाही हे ओळखायला दुकानातला थंड सोडा बाटलीत ओता, झाकण लावा, अर्धा तास ओट्यावर राहू द्या. मग बाटलीची मान पाण्याच्या बादलीत बुडवा. झाकणाच्या कडेने बुडबुडे आले तर गळती आहे. "गॅसच येत नाही" म्हणणाऱ्या कित्येकांचा प्रश्न इथेच सुटतो. गॅस येत असतो, पण वायसरमधून निसटत असतो.

बाटल्या साबणाने धुऊन भरपूर पाण्याने खळबळा आणि उलट्या ठेवून निथळू द्या. प्लॅस्टिकच्या बाटलीत उकळतं पाणी घालू नका, ती आक्रसते. थंड काचेवरही एकदम गरम पाणी नको.

सावधान: नरसाळं, गाळणी, पातेलं यांत तांबं-पितळ-अॅल्युमिनियम नको. तांबट आळीतली भांडी कितीही सुरेख असली तरी कोंबुच्याचं आम्ल तांबं खातं आणि ते पेयात उतरतं. स्टील, काच किंवा खाण्याच्या दर्जाचं प्लॅस्टिक वापरा.

### टप्पा २: बरणी भरण्याजोगी झाली आहे का?

चव घ्या. आंबट, मागून हलकी गोडी, चहाचा तुरटपणा जवळपास गेलेला: ही योग्य वेळ. नुसता गोड चहा लागत असेल तर थांबा. गोड असताना भरलं तर साखर भरपूर, यीस्ट जोमात, आणि बाटली अंदाजाच्या आधीच फुगते. तोंड वाकडं होईल इतका आंबट झाला असेल तर त्याला पुढच्या खेपेचा स्टार्टर, म्हणजे विरजण, करा. त्यात गॅस धरला तरी पिववत नाही.

आम्लता दाखवणारी पीएचची पट्टी असेल तर ३.५ च्या खाली आकडा हवा. वर पांढरी, हिरवी किंवा काळी, कोरडी, लव असलेली बुरशी दिसली तर स्कोबीसकट सगळं टाकून द्या. वरचं काढून खालचं वाचवायला जाऊ नका. खाली लोंबणारे तपकिरी, चिकट तंतू मात्र बुरशी नव्हेत. ते यीस्टचे असतात आणि आता त्यांचंच काम आहे.

### टप्पा ३: भरणं (इथे क्रम बदलू नका)

१. हात धुऊन स्कोबी काढा. पुढच्या खेपेसाठी लिटरमागे १००-१५० मिली कोंबुचा वरच्या थरातून बाजूला काढा. हे ढवळण्याआधीच करायचं. ढवळल्यावर काढलेल्या स्टार्टरमध्ये यीस्ट जास्त जातं आणि दोन-तीन खेपांनी बरणीतला तोल बिघडतो.

२. आता बरणी तळापासून हलक्या हाताने ढवळा. यीस्ट तळाशी बसलेलं असतं. न ढवळता ओतत गेलात तर पहिल्या बाटल्या सपक निघतात आणि शेवटची कारंजं होते. "एकाच बरणीतल्या दोन बाटल्या वेगळ्या कशा?" याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

३. जाड गाळणीतून मोठ्या पातेल्यात गाळा. फडक्यातून गाळू नका, निम्मं यीस्ट फडक्यावर राहील.

४. साखर किंवा फळांचा रस पातेल्यातच घालून मिसळा. बाटलीगणिक चमचा घातला की एकीत शीग, दुसरीत अर्धा असं होतं.

किती घालायचं? सपाट छोटा चमचा म्हणजे साधारण ४ ग्रॅम साखर. लिटरला दोन चमचे पुरे. कोंबुचा अजून गोडसर असेल तर एकच, कधीकधी तोही नको. उन्हाळ्यात मी वरून साखर घालतच नाही.

नाशिकला जानेवारी ते एप्रिल द्राक्षांची चंगळ असते, त्यामुळे द्राक्षांच्या रसाचा हिशेब सांगतो. पिकलेल्या द्राक्षांच्या १०० मिली रसात १६ ते २० ग्रॅम साखर असते. म्हणजे लिटर कोंबुच्यात ५० मिली रस घातला की ८ ते १० ग्रॅम साखर आलीच. त्यावर आणखी साखर घालणं हा नेहमीचा घोळ. पाव बाटली रस घालणारेही भेटतात, आणि मग "द्राक्षांचा फार उसळतो" अशी द्राक्षांची बदनामी होते. मिक्सरमध्ये फिरवून बारीक गाळणीने गाळा. साल आणि चोथा बाटलीत गेला की उघडताना त्याच्यावर बुडबुडे धरतात आणि अर्धा कोंबुचा छताला लागतो. पेरूचा गर याच कारणाने नकोच. आल्याचा ताजा रस लिटरला दोन-तीन चमचे घाला. थंडीत तर जरूर, त्याने गॅस लवकर धरतो.

रसवंतीवरून आणलेला उसाचा रस घालून बघू का, असंही कोणीतरी विचारतं. त्याची साखर धो धो असते आणि स्वतःचे जंतू तो घेऊनच येतो. नको.

५. बाटल्या भरा. झाकणाखाली दोन बोटं, म्हणजे ३ सेंमीच्या आसपास, जागा सोडा. अर्धी बाटली रिकामी ठेवली तर ती पोकळी भरण्यात गॅस जातो आणि पेयात कमी उतरतो. काठोकाठ भरली तर उन्हात द्रव प्रसरण पावायला जागाच राहत नाही.

६. एक बाटली प्लॅस्टिकची असायलाच हवी, बाकी सगळ्या काचेच्या असल्या तरी. तिच्यात त्याच पातेल्यातलं, तेवढंच, तेवढीच जागा सोडून भरा. ही दाबून बघायची बाटली. हिच्याशिवाय काचेच्या बाटल्या भरू नका.

७. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून तारीख आणि रस लिहा. आठवड्याने सगळ्या सारख्याच दिसतात.

### टप्पा ४: कुठे ठेवाल?

दार असलेल्या कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या जाड खोक्यात, वर जाड टॉवेल. मुलांच्या हाताला लागणार नाही अशी जागा. ऊन लागता कामा नये, आणि गॅसची शेगडी किंवा फ्रिजची मागची बाजू जवळ नको. दाबून बघायची बाटली त्याच खोक्यात ठेवायची, ओट्यावर वेगळी नाही. तिची आणि बाकीच्यांची हवा एकच हवी, नाहीतर ती खोटं सांगेल.

तापमानाने किती फरक पडतो ते बघा. लिटरमागे ३ लिटर गॅस असलेल्या बाटलीत २५ अंशांना सुमारे ३ बार दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरपेक्षा जास्त. त्याच बाटलीला ३८ अंश मिळाले तर तो चारच्या वर जातो, गॅस एक थेंबही न वाढता. फ्रिजमध्ये ४ अंशांना तोच दाब १ बारच्या आसपास येतो. शिवाय उन्हात यीस्टही वेगाने काम करतं, त्यामुळे दोन्हीकडून मार बसतो.

आपल्याकडचा, म्हणजे नाशिकचा, अंदाज, फक्त तपासणी कधी सुरू करायची ते कळावं म्हणून:

- मार्च ते मे: खोली ३० अंशांच्या वर. २४ तासांत पहिल्यांदा दाबून बघा, मग दर सहा-आठ तासांनी. दीड-दोन दिवसांत काम होतं. सिडकोतल्या वरच्या मजल्यावर, स्लॅब तापलेला असेल तर त्याआधीही.
- पावसाळा आणि ऑक्टोबर: २४ ते २८ अंश. दोन ते चार दिवस. पावसाळ्यात चिलटं फार, सांडलेला थेंब लगेच पुसा.
- डिसेंबर-जानेवारी: शहरात रात्री पारा १० च्या खाली जातो, निफाडकडे तर कधी ५ च्याही खाली. घरात १६ ते २० अंश असले तर आठ-दहा दिवस लागू शकतात. पंचवटीतल्या जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात आणखी जास्त.

थंडीत घाई करू नका. गॅस येईना म्हणून पाचव्या दिवशी बाटली उघडून आणखी साखर घालणं ही सर्वात धोकादायक युक्ती. साखर कमी नसते, ऊब कमी असते. मकरसंक्रांतीनंतर ऊन वाढलं की ती जादाची साखर एकदम कामाला लागते. खोका घरातल्या उबदार खोलीत हलवा, बस.

### टप्पा ५: दाबून बघणं

भरलेल्या दिवशी प्लॅस्टिकची बाटली अंगठ्याने दाबा आणि तो स्पर्श लक्षात ठेवा. अंगठा सहज आत जातो, प्लॅस्टिक कुरकुरतं, मागची बाजू बाहेर येते. पुढे बदल असा होतो: आधी कुरकुर थांबते. मग अंगठा थोडाच आत जातो आणि सोडला की खळगा टपकन भरून येतो. शेवटी खांद्याजवळ, जिथे बाटली निमुळती होते तिथे, जोर लावूनही खळगा पडत नाही. दुकानातल्या न उघडलेल्या सोड्याच्या बाटलीशी ताडून बघा. तेवढी टणक झाली की त्याच क्षणी सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात मी त्याच्या जरा आधीच टाकतो, कारण भरलेल्या फ्रिजमध्ये बाटली गार व्हायला काही तास जातात आणि तेवढ्यात गॅस वाढतच असतो.

बूड फुगून बाटली डुगडुगायला लागली तर उशीर झाला आहे. शेवटी "उशीर झाला तर" बघा.

रोज झाकण उघडून थोडा गॅस सोडायची सवय पुष्कळांना असते. मला ती पटत नाही. दर वेळी जमलेला गॅस जातो, मग दाब पुन्हा शून्यातून, आणि शेवटी सपक पेय हाती. गॅस सोडल्याने आत किती साखर उरली हेही कळत नाही. भीती वाटते म्हणून उघडत असाल तर फ्रिजमध्ये ठेवणं हा त्या भीतीवरचा बरा इलाज.

### टप्पा ६: फ्रिजमध्ये पूर्ण एक दिवस

बाटली टणक झाली म्हणजे गॅस पेयात टिकेल असं नव्हे. कोमट पेयातून तो उघडताच निसटतो, गार पेयातच तो नीट विरघळलेला राहतो. तासाभराने उघडलीत तर एक जोरदार "फुस्स", आणि खाली सपक. किमान २४ तास, जमलं तर ४८ तास ठेवा. बाटल्या उभ्या ठेवा, यीस्ट तळाशी बसेल.

फ्रीझरमध्ये ठेवू नका. पाणी गोठताना फुगतं आणि काच तडकते.

फ्रिजमध्ये यीस्टचं काम मंदावतं, बंद पडत नाही. महिन्याभरात संपवा. वीज चार-सहा तास गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. अख्खा दिवस गेली तर दाबून बघायच्या बाटलीला पुन्हा अंगठा लावा. म्हणून ती आधी पिऊन टाकू नका, सर्वात शेवटी उघडा.

### टप्पा ७: उघडणं

गार बाटली सिंकमध्ये उभी करा, न हलवता. झाकणावर जाड फडकं टाका, तोंड चेहऱ्यापासून लांब ठेवा. प्लॅस्टिकचं झाकण पाव आटा फिरवून थांबा. फेस वर चढला की परत घट्ट करा, खाली बसला की पुन्हा सैल. खटक्याच्या झाकणावर तळहात दाबून ठेवूनच तार सोडा. ओतताना तळाचा दोन बोटं गाळ बाटलीतच राहू द्या.

घरच्या कोंबुच्यात थोडं अल्कोहोल असतंच, बाटलीत गॅस धरताना ते आणखी वाढतं. गरोदर बायका, लहान मुलं, प्रतिकारशक्ती कमी झालेले आजारी लोक आणि दारू सोडलेले यांना देऊ नका. हौसेने पाहुण्यांपुढे ठेवताना हे आधी सांगायचं.

### उशीर झाला तर: बाटल्या फार ताणल्या गेल्या असतील तेव्हा

लग्नाला चार दिवस गावी गेलात, मे महिना, कपाटातल्या खोक्यात सहा काचेच्या बाटल्या, आणि प्लॅस्टिकची दगडासारखी टणक होऊन डुगडुगते आहे. अशा वेळी:

१. काचेची एकही बाटली हातात घेऊ नका आणि जागेवर उघडूही नका.

२. वरून जाड सतरंजी किंवा गोधडी टाका. मुलांना आणि मांजरांना खोलीबाहेर काढा. कूलर लावून खोली थंड करा. हलवायचंच असेल तर पहाटेपर्यंत थांबा.

३. डोळ्यांवर गॉगल, हातात जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. बाटल्या एकेक न काढता खोकं गोधडीसकट उचला आणि तसंच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सरकवा. त्यासाठी आधी कप्पा रिकामा करून ठेवा.

४. पूर्ण एक दिवस गार झाल्यावरच, त्याच गॉगल-हातमोज्यांत, फडक्याखाली एकेक उघडा. तीनचतुर्थांश पेय सांडलं तरी चालेल.

एखादी आधीच फुटली असेल तर शेजारच्या बाटल्यांनाही धक्का बसलेला असतो. त्या धुऊन पुन्हा वापरू नका, गार करून रिकाम्या केल्या की टाकून द्या. काचा झाडूने गोळा केल्यावर फरशी ओल्या वर्तमानपत्राने टिपा, बारीक कण झाडूला येत नाहीत. घंटागाडीत टाकताना काचा जाड खोक्यात बांधून, वर "काच" असं लिहून द्या. जवळ उघडं ठेवलेलं पीठ, भाजी, पाणी, काहीही असो, फेकून द्या.